एनएचएस किंवा घराबद्दलची तक्रार ओम्बड्समनकडे नेताना: पात्रता, मुदती, कागदपत्रं (इंग्लंडसाठी)

हॉस्पिटलने उत्तर दिलं पण पटलं नाही, किंवा भिंतीवरची बुरशी दोन हिवाळे तशीच आहे. अशा वेळी ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मात्र हातात एक पत्र असावं लागतं: ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचं अंतिम उत्तर. त्याशिवाय गेलात तर बहुतेक वेळा आधी तिकडे तक्रार करा म्हणून परत पाठवतात. त्यामुळे ओम्बड्समनच्या फॉर्मपेक्षा या पत्रावरच जास्त लिहितो आहे.

कोणत्या दारात जायचं

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि सोशल हाउसिंग (स्थानिक कौन्सिल आणि ना-नफा हाउसिंग असोसिएशन भाड्याने देतात ती घरं) दोन्हींसाठी एकेकच ऑफिस आहे. इंग्लंडमध्ये वाटण्या झाल्या आहेत. एनएचएससाठी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी, पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समन. कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहत असाल तर दुरुस्ती, ओल, शेजाऱ्यांचा त्रास यासाठी हाउसिंग ओम्बड्समन. घरासाठीच्या वेटिंग लिस्टबद्दल किंवा बेघर झाल्यावर मिळणाऱ्या मदतीबद्दल कौन्सिलविरुद्ध तक्रार असेल तर तिसरंच ऑफिस, लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन.

खासगी घरमालकाचं भाड्याचं घर असेल तर गाडी इथेच अडते. घरमालक स्वखुशीने सभासद झाला असेल तरच हाउसिंग ओम्बड्समन त्याच्याविरुद्धची तक्रार घेतो, आणि असे घरमालक मोजकेच. २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्यात खासगी घरमालकांसाठी सक्तीच्या ओम्बड्समनची तरतूद आहे, पण ती योजना अजून सुरू व्हायची आहे. तोवर दुरुस्तीसाठी कौन्सिलचा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभाग गाठा. एजंटाने घोळ घातला असेल तर गोष्ट वेगळी. लेटिंग एजंटला मान्यताप्राप्त रिड्रेस (तक्रार निवारण) योजनेचं सभासदत्व २०१४ पासून सक्तीचं आहे. त्याला लेखी तक्रार द्या. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर त्या योजनेकडे जा.

तक्रार कोण करू शकतं

एनएचएसच्या बाबतीत स्वतः रुग्ण, त्याच्या लेखी संमतीने दुसरं कुणीही, आणि रुग्ण दगावला असेल तर जवळचे नातेवाईक. खासगी हॉस्पिटलमधले उपचार एनएचएसच्या पैशांतून झाले असतील तर तेही चालतात. आपल्याकडे बरेच जण ‘व्हिसावर आहोत, कशाला वाकड्यात शिरायचं’ म्हणून गप्प बसतात. मोठ्या माणसाला व्हिसासोबत एनएचएससाठी वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरून हा संकोच! तक्रारीचा व्हिसाशी संबंध नाही आणि तक्रार केली म्हणून उपचारात दुजाभाव करता येत नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मागा.

पहिली तक्रार

घराच्या बाबतीत लोक इथेच फसतात. फोन करून ‘ओल आली आहे’ सांगितलं, जॉब नंबर मिळाला, की तक्रार झाली असं वाटतं. ती नुसती दुरुस्तीची विनंती असते. वर्षभर असे फोन केले तरी तक्रारीचं घड्याळ सुरूच होत नाही. तक्रारीत ‘कम्प्लेंट’ हा शब्द हवाच असा नियम नाही, तरीही ईमेलच्या विषयात ‘स्टेज वन कम्प्लेंट’ (पहिल्या टप्प्याची तक्रार) असं ठसठशीत लिहा, पळवाट राहत नाही. मग तारखा चालू होतात: पाच कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत उत्तर. ते पटलं नाही तर स्टेज टू मागायची. तिथेही पाच कामाच्या दिवसांत पोच आणि पुढे वीस कामाच्या दिवसांत उत्तर. कारण सांगून त्यांना थोडी मुदत वाढवता येते. स्टेज टूचं उत्तर म्हणजेच ते अंतिम पत्र.

मजकूर कोरडा ठेवा. उदाहरणार्थ (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर): ‘३ नोव्हेंबर: मुलाच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला काळी बुरशी, फोनवर कळवलं, जॉब नंबर अमुक. १७ नोव्हेंबर: माणूस येऊन फोटो काढून गेला. ८ डिसेंबर: कुणी आलं नाही, कळवलंही नाही. मुलाला दमा, जीपीचं पत्र सोबत.’ शेवटी काय हवं ते लिहा: दुरुस्ती, माफी, खराब झालेल्या गादीचे पैसे. नुसता संताप लिहिला की उत्तरात नुसती सहानुभूती येते.

‘स्वयंपाक करताना खिडकी उघडत जा’ असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. रहिवाशांच्या राहणीवर खापर फोडण्याची ही सवय सोडा, असं हाउसिंग ओम्बड्समनने २०२१ मध्येच घरमालक संस्थांना सुनावलं होतं. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये बुरशीमुळे दगावलेल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. सोशल हाउसिंगमध्ये ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की दहा कामाच्या दिवसांत तपासणी आणि पुढच्या पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करण्याचं काम झालं पाहिजे. जिवावरचा धोका असेल तर २४ तासांत.

एनएचएसमध्ये तक्रार हॉस्पिटलकडे किंवा जीपीकडे करा, नाहीतर त्यांना पैसे देणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे. दोघांपैकी एकच निवडायचं. पोच तीन कामाच्या दिवसांत मिळते. पुढचं उत्तर मात्र काही महिने लांबू शकतं. लिहायला मदत हवी असेल तर कौन्सिलने नेमलेली एनएचएस कम्प्लेंट्स अॅडव्होकसी सेवा मोफत आहे.

मुदत आणि कागद

एनएचएसची तक्रार ओम्बड्समनकडे, घडलेला प्रकार लक्षात आल्यापासून साधारण एका वर्षात पोचावी लागते. आजारपण, मृत्यू किंवा हॉस्पिटलनेच लावलेला उशीर अशी सबळ कारणं असतील तर सूट मिळू शकते, ती लेखी मागा. घरासाठी अंतिम उत्तरापासून १२ महिने.

सोबत जोडायचं ते: मूळ तक्रार, अंतिम उत्तर, मधला पत्रव्यवहार, जॉब नंबर, तारखेसह फोटो, खर्चाच्या पावत्या आणि दुसऱ्यासाठी करत असाल तर संमतीपत्र. वैद्यकीय रेकॉर्ड आधीच मागवून ठेवा. मागितल्यावर साधारण महिन्याभरात आणि मोफत द्यावं लागतं.

निकाल

आधी प्रकरण आपल्या कक्षेत बसतं का ते पाहिलं जातं; सगळ्याच प्रकरणांची पूर्ण चौकशी होत नाही. झाली तर माफी, दुरुस्ती, कामाच्या पद्धतीत बदल, थोडी भरपाई असं मिळू शकतं. एनएचएसच्या चौकशीत अंतिम निकालाआधी मसुदा दाखवतात. तो ओळ न् ओळ वाचून चुकीची तारीख, सुटलेली नोंद तिथेच दाखवून द्या.

डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काढणं ओम्बड्समनच्या हातात नाही. त्यासाठी जनरल मेडिकल कौन्सिल आहे. निष्काळजीपणाबद्दल मोठी भरपाई हवी असेल तर कोर्ट, आणि तिथली मुदत सहसा तीन वर्षांची. ओम्बड्समनकडे अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही, तेव्हा असा विचार असेल तर वकिलाला आधी भेटा.