भुयारी मेट्रोतली वीज आणि वाया जाणारी उष्णता

भुयारी रेल्वेत जेवढी वीज जाते तिची शेवटी जवळपास सगळीची उष्णताच होते, मग ती मोटरमधून गेलेली असो, दिव्यांतून असो नाहीतर सरकत्या जिन्यातून. उघड्यावर ती वारा घेऊन जातो, इथे डोक्यावर माती, जाणार कुठे?

सगळ्यात मोठा वाटा ब्रेकचा. साधा हिशोब करा, 200 टनांची गाडी ताशी 60 किमीने धावत असेल तर तिच्यात साडेसात युनिटच्या वर ऊर्जा असते, म्हणजे दीड हजार वॉटचा हीटर पाच तास चालवल्यावर निघेल तेवढी, आणि स्टेशन आलं की ती अर्ध्याएक मिनिटात उतरवायची, पुढच्या स्टेशनला परत तेच.

लंडनची गंमत बघा. तिथे 1890 मध्ये विजेवरची पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली. तेव्हा बोगद्यांभोवतीची चिकणमाती साधारण 14 अंशांवर होती, उन्हाळ्यात थंडाव्यासाठी खाली या अशा जाहिराती व्हायच्या! ती माती शंभरेक वर्षं उष्णता पीत राहिली, आता 19 ते 26 अंशांवर आहे. त्यामुळे आज नुसते पंखे वाढवून भागत नाही, भिंतीच तापल्यात.

डब्यात एसी लावा असं सगळेच म्हणतात, पण एसी आतली उष्णता बाहेर म्हणजे बोगद्यातच फेकतो, वर स्वतःची घालतो. शिवाय जुने बोगदे इतके अरुंद की यंत्र बसवायला जागा मिळणंच कठीण. त्यापेक्षा उष्णता मुळात होऊच न देणं बरं. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये मोटरच जनरेटर होते आणि वीज गाडीला वीज पुरवणाऱ्या रुळाकडे परत जाते, फक्त त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी ती ओढणारी हवी, नाहीतर रेझिस्टरमध्ये, म्हणजे विजेला अडवून तापणाऱ्या भागात, जळून परत उष्णताच. लंडनच्या सेंट्रल लाइनवर तर 1900 मध्येच स्टेशनं थोड्या उंचवट्यावर बांधली, येताना चढाने गाडी आपोआप मंदावते, निघताना उतार मदत करतो. एकही सुटा भाग न हलवता होणारी बचत, मला तरी हीच सगळ्यात हुशार वाटते.

वाया जाणारी उष्णता वापरताही येते. लंडनच्याच इस्लिंग्टनमध्ये 1922 साली बंद पडलेल्या सिटी रोड स्टेशनच्या हवेच्या शाफ्टमधून पंखा गरम हवा ओढतो, हीट पंप, म्हणजे कोमट हवेतली उष्णता ओढून जास्त तापमानाला देणारं यंत्र, तिच्यावर पाणी तापवतो आणि ते पाणी 2020 पासून आसपासच्या घरांना ऊब देतं. उन्हाळ्यात तोच पंखा उलटा फिरवून बाहेरची हवा बोगद्यात सोडता येते.