चेताटोकातले कॅल्शियम आणि स्नायूतले कॅल्शियम

‘चेतासंदेश आला, कॅल्शियम आत शिरले आणि स्नायू आकुंचन पावला’ हे वाक्य अभ्यासाच्या टिपणांमधून वर्षानुवर्षे उतरवले जाते. दोन निरनिराळ्या पेशींतल्या दोन निरनिराळ्या घटना त्यात एकत्र कालवल्या आहेत, आणि ‘आत’ म्हणजे नेमके कोणाच्या आत, हे ते कधीच सांगत नाही.

चेताटोकाचा, म्हणजे स्नायूजवळ संपणाऱ्या चेतातंतूच्या टोकाचा, भाग बहुतेकांना पाठ असतो. संदेश पोहोचताच तिथले कॅल्शियम चॅनल, म्हणजे पेशीच्या पटलातली कॅल्शियमची दारे, उघडतात, पेशीबाहेरचे कॅल्शियम आत येते, पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पटलाला मिळून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन चेताटोक आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत सोडतात, आणि ते स्नायुतंतूवरच्या ग्राही प्रथिनांना चिकटल्यावर मुख्यतः सोडियम आत शिरून स्नायूत नवा विद्युत्संदेश उठतो. या कॅल्शियमचे काम इथेच संपते; फट ओलांडून ते स्नायूत जात नाही. तसा बाण दाखवणाऱ्या आकृत्या माझ्या मते सरळ खोडून टाकाव्यात.

खरी फसगत पुढे आहे. स्नायूतला संदेश टी-नलिकांतून, म्हणजे पटलाच्याच आत वळलेल्या बारीक नळ्यांतून, तंतूच्या खोल भागात जातो, आणि त्या नलिकांच्या पटलातही एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनल असतात. चॅनल म्हटले की त्यातून कॅल्शियम येणार आणि त्यानेच आकुंचन होणार, असे वाचक गृहीत धरतो. अस्थिस्नायूत (हाडांना जोडलेल्या स्नायूत) मात्र या प्रथिनाचे मुख्य काम व्होल्टेजमधला बदल ओळखणे हे आहे: व्होल्टेज बदलताच त्याची रचना बदलते, आणि बंदुकीचा चाप ओढावा तसा त्याच्याशी जोडलेला, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे स्नायुपेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याच्या, पटलातला रायनोडीन ग्राही हा दुसरा चॅनल उघडतो. ट्रोपोनिन या आकुंचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला जाऊन मिळणारे कॅल्शियम या आतल्या साठ्यातले असते, बाहेरून आलेले नव्हे.

याला पुरावाही भक्कम आहे. बेडकाच्या स्नायुतंतूंभोवतीच्या द्रावणातले कॅल्शियम रसायनाने बांधून जवळजवळ संपवले, तरी थेट विद्युत धक्क्याने ते तंतू बराच वेळ आकुंचन पावत राहतात, हे १९७२ मध्ये दाखवले गेले. अशाच द्रावणात धक्का चेतातंतूला दिला, तर ॲसिटिलकोलीन पुरेसे सुटत नाही आणि स्नायू हलत नाही. पुढे २०१७ मध्ये, ज्या उंदरांच्या स्नायूंतील या चॅनलमधून कॅल्शियम वाहूच शकत नाही, त्यांच्याही स्नायूंची कामगिरी सामान्य असल्याचे प्रसिद्ध झाले.

गोंधळाचे एक मूळ हृदयात आहे. तिथे बाहेरून आलेले थोडे कॅल्शियमच आतला साठा उघडते, म्हणून बाहेरच्या कॅल्शियमवाचून हृदय थांबते. सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर हे १८८३ मध्येच दाखवले होते. हृदयाचे स्पष्टीकरण अस्थिस्नायूला जसेच्या तसे चिकटवणे मला सर्वांत जास्त खटकते. रक्तातले कॅल्शियम घटले की स्नायू लुळे पडतात, ही समजूतही त्याच जातीची. प्रत्यक्षात चेतातंतू अधिक उत्तेजनक्षम होतात आणि पेटके येतात.

ट्रोपोनिननंतरचा भाग, म्हणजे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन सरकणे आणि मायोसिन या प्रथिनाने ॲक्टिन या प्रथिनाला ओढणे, यात सहसा कोणी चुकत नाही. शिथिल होतानाही दोन्ही जागांचा हिशेब वेगळा राहतो: फटीतले ॲसिटिलकोलीन एक विकर (एन्झाइम) तोडून टाकते, तर स्नायूतले कॅल्शियम साठ्याच्या पटलातले पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून पुन्हा त्याच साठ्यात भरतात.