मेंदूविज्ञानातली इंग्रजी रूपकं पोलिशमध्ये नेताना: पार्श्वभूमी

मेंदूच्या भागांची पोलिश नावं इंग्रजीच्या फार आधीची आहेत. एकोणिसाव्या शतकात पोलिश डॉक्टरांनी लॅटिन आणि जर्मन संज्ञांना घरचे शब्द शोधले. १८८१ मध्ये क्राकूवला वैद्यकीय परिभाषेचा कोशही निघाला. मेंदूचं बाह्यक म्हणजे 'कोरा', झाडाची साल. मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस हा भाग म्हणजे 'व्झगूझे', टेकडी. ग्रीक शब्दाचा अर्थ खोली असला तरी पोलिश नाव जर्मन 'झेहह्यूगल'च्या, म्हणजे दृष्टीच्या टेकडीच्या वळणाचं आहे. ही रूपकं आकारावरून पडलेली, म्हणून आजही निर्धोक चालतात.

पोलिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ बेक यांनी १८९० मध्ये मेंदूतल्या विद्युत बदलांवरचं काम प्रसिद्ध केलं ते जर्मनमध्ये, तर पोलिश मेंदूशास्त्रज्ञ येझी कोनोर्स्की यांचा १९४८चा ग्रंथ केंब्रिजहून इंग्रजीत आला. पुढे इंग्रजीचाच जोर वाढला आणि तिच्यासोबत क्रियेची रूपकं आली. खरी गुंतागुंत तिथे आहे.

सर्वांत जास्त फसवतं ते 'फायर', म्हणजे चेतापेशीने विद्युत संदेश सोडणं. गोळी झाडण्याचं पोलिश क्रियापद पाठ्यपुस्तकात विचित्र वाटतं, म्हणून काही जण 'पोबुद्झेन्ये', म्हणजे उद्दीपन, लिहून मोकळे होतात. इथे अर्थच बदलतो. चेतापेशी सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवरून उणे ६०वर आली तर ती उद्दीपित झाली. पण उंबरठा, म्हणजे जी पातळी गाठल्यावरच पेशी संदेश सोडते ती, उणे ५५च्या आसपास असेल, तर तिने 'फायर' केलेलं नाही. 'विवादोवान्ये' (विद्युत विसर्जन) हाच शब्द इथे बरोबर. 'फायरिंग रेट' म्हणजे विसर्जनांची वारंवारता.

'स्पाइक'ला, म्हणजे पेशीच्या अशा एका विद्युत झटक्याला, 'इग्लित्सा' रूढ आहे, पण ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, तोच शब्द २० ते ७० मिलिसेकंदांच्या अणकुचीदार लहरीसाठी वापरतात, आणि ती अनेक पेशींची मिळून बनते. एका पेशीचा स्पाइक जेमतेम मिलिसेकंदाचा. एका पेशीबद्दल लिहिताना नुसतं 'इग्लित्सा' लिहिलं, तर डॉक्टर वाचकाला अपस्माराची शंका येते; 'क्रियाविभव' (पेशीचा हाच विद्युत झटका) या अर्थाची पूर्ण पोलिश संज्ञा लिहावी.

'स्पाइन'चा अर्थ कणा आणि काटा दोन्ही. स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञ काहालने १८८८ मध्ये डेंड्राइटवरच्या, म्हणजे चेतापेशीच्या फांद्यांवरच्या, उंचवट्यांना स्पॅनिशमध्ये काटेच म्हटलं होतं, त्यामुळे पोलिश 'कोल्त्से' मुळाला धरून आहे.

व्होल्टेजवर उघडणाऱ्या आयनमार्गांना, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या विद्युतभारित कणांच्या वाटांना, फाटकाच्या रूपकाने 'ब्राम्कोवाने' म्हणतात. अडतं ते व्होल्टेजपाशी: 'नापिएन्च्ये' म्हणजे व्होल्टेज आणि स्नायूंचा ताणही. स्नायूंवरच्या मजकुरात म्हणूनच 'पोतेंत्स्याव', म्हणजे विभव, या शब्दावरून केलेलं विशेषण घ्यावं.