धुऱ्यावरची हराळी मरत नाही, मग अंगणातलं लॉन का मरतं?

आमच्याकडे विदर्भात लॉन म्हटलं की आधी लग्नाचं लॉन डोळ्यासमोर येतं, पण आता गावागावात नवीन घरापुढे खरंखुरं लॉन लावायची हौस दिसते. माझ्या ताईच्या घराची वास्तुशांती मे महिन्यात होती, वर्धा जिल्ह्यातलं गाव, जमीन काळी. नर्सरीतून स्क्वेअर फुटावर मोजून लॉनचे तुकडे आणले, एका दिवसात अंगण हिरवंगार आणि पाचव्या दिवशी पिवळं. मामा आमचे जन्माचे शेतकरी, त्यांनी एक काडी उपटून पाह्यली आणि म्हणाले, "अरे हे तं हराळी हाय! वावरातून खंदू खंदू हात गेले आमचे, मरता मरत नाही, अन तुमची पाच दिवसात कशी काय मेली?"

प्रश्न लाखातला आहे, कारण मामा शंभर टक्के बरोबर होते. वावरातली हराळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि मैदानांवर लावतात ते बर्म्युडा ग्रास, तिन्ही एकच वनस्पती, सायनोडॉन डॅक्टिलॉन. नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळतं ते पण तिचंच निवडलेलं वाण. (कोरियन ग्रास म्हणजे झोयसिया, ते वेगळं गवत, पण पुढचं सगळं त्यालाही लागू.)

धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हराळी मे अखेरच्या नवतपात, ऐन उन्हाच्या दिवसांत, वाळते, पण मरत नाही. जमिनीखाली तिचं आडवं खोड असतं, पेरापेराला डोळा, पोटात साठवलेलं अन्न आणि मुळं खोल गेलेली. म्हणून तर वखराखाली तिचे तुकडे झाले की एकीच्या दहा होतात आणि पहिल्या पावसात सगळ्या फुटतात. लॉनचा तुकडा मात्र जेमतेम इंचभर जाडीचा कापलेला असतो, पानं सगळीच्या सगळी सोबत येतात आणि मुळं बहुतेक नर्सरीतच राहतात.

आता इथून जरा सावकाश वाचा, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. पानावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाणी वाफ होऊन उडतं आणि उडता उडता मागचं पाणी वर ओढतं. पानापासून मुळाच्या टोकापर्यंत पाण्याची एक सलग दोरीच असते, तिचं वरचं टोक कोरडी हवा ओढते. ही ओढ मेगापास्कल या दाबाच्या मापात मोजतात आणि आकडा उणे लिहितात. पाऊस पडून निथळलेल्या मातीत तो उणे ०.०३ च्या आसपास असतो, माती उणे १.५ ला गेली की बहुतेक पिकं कायमची सुकतात असं धरतात, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या हवेत तो उणे १०० च्याही खाली जातो. पाणी नेहमी जास्त उण्याकडे धावतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे कण इतके बारीक की माती उणे १.५ ला पोचली तरी तिच्यात बरंच पाणी शिल्लक असतं, हाताला ओल लागते, पण मुळाला काही ते सुटत नाही. आणि आपण काय करतो, नर्सरीच्या हलक्या मातीतला ओला तुकडा नेऊन या कोरड्या काळ्या मातीवर ठेवतो, मग जिथं तो टेकला तिथं खालची माती त्याच्यातलंच पाणी शोषून घेते आणि जिथं टेकला नाही, खाली पोकळ राह्यलं, तिथं खाली कितीही ओल असली तरी वर चढत नाही. समईतली वात तेलात बुडाली असेल तरच तेल चढतं, सुतभर वर राहिली तर खाली समईभर तेल असून दिवा विझतो, तसंच आहे हे.

टेकणं म्हणजे तरी किती टेकणं? १९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञानं राय नावाच्या गव्हासारख्या धान्याचं चार महिन्यांचं एकच झाड घेऊन त्याची मुळं मोजली, तर एकूण लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर. समृद्धी महामार्गानं नागपूरहून निघून इगतपुरीला पोचा, तेवढी. मुळांवरचे केस वेगळे, ते १० हजार किलोमीटरच्या वर. पाणी पितात ते मुख्यतः हे केस, मातीच्या कणाकणाला चिकटून. तुकडा कापताना हेच तुटतात. झाड मग पर्णरंध्रं मिटतं, पातं गुंडाळतं, पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड पण आत येत नाही, म्हणजे साखर बनत नाही, आणि नवीन मूळ काढायला तीच साखर लागते.

ताईच्या अंगणात याचा पुरावाच पडला होता. सगळं पिवळं, पण फाटकापासून मंडपापर्यंत दीड-दोन फुटांचा एक पट्टा हिरवा होता, जिथून पोरं खुर्च्या अन भांडी वाहत होती. मी पिवळा तुकडा उचलला, तो चटईसारखा अलगद आला, खाली कोरडी ढेकळं आणि मधे बोट जाईल एवढी फट. हिरव्या पट्ट्यातला तुकडा मात्र ओढावा लागला, खालून पांढरी मुळं सुतासारखी काळ्या मातीत शिरलेली. पोरांच्या पायांनी रोलरचं काम केलं होतं.

घरात तेव्हा दोन उपाय चालू होते. एक, नजर लागली म्हणून फाटकाला काळी बाहुली. दुसरा, पिवळं पडलं म्हणून युरिया, आणि मला हा जास्त घातक वाटतो. मुळं नसलेल्या गवताला युरिया दिला तर आधीच तहानलेल्या मुळाजवळ क्षार वाढतात आणि उरलीसुरली ताकद पानं काढण्यात जाते. सात दिवसात हिरवं करतो म्हणून विकतात त्या टॉनिकच्या बाटल्या पण घेऊ नका, फट काही बाटलीनं बुजत नाही.

ताईकडे मग जुलैत परत लावलं. जमीन सहा इंच खणली, ढेकळं फोडली, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळलं (कच्चं टाकलं की मुळं खाणारी हुमणी अळी आलीच), पाणी निघून जायला घराकडून बाहेर थोडा उतार दिला, कारण झडीत काळी माती फुगून बंद होते आणि मुळांना हवाच मिळत नाही. लावायच्या आदल्या दिवशी जमीन भिजवली, तुकडे विटांच्या जोडासारखे सांधे चुकवून एकाला एक भिडवून बसवले आणि लगेच रोलर फिरवला, रोलर नसेल तर फळी टाकून त्यावर चाला. पहिले दोन आठवडे पाणी थोडं थोडं पण वारंवार, उघडीप असेल तर दिवसातून दोनदा, आणि रोज एक कोपरा उचलून खालची माती ओली आहे का ते बघायचं. मूळ धरलं की उलटं, पाणी जास्त दिवसांनी पण भरपूर, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खाली जातात.

मे महिन्यात लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भात तेव्हा उघड्या भांड्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या वर पाणी उडतं, गवताला त्याच्या ६०-७० टक्के लागतं म्हटलं तरी हजार स्क्वेअर फुटाला रोज ६०० लिटरच्या आसपास झालं. ज्या गावात टँकर येतो तिथं हे पाणी गवताला घालणं मला पटत नाही.

कापायची पण घाई नको. १९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी दाखवलं होतं की पातं एका वेळी निम्मं किंवा जास्त कापलं की मुळांची वाढ थांबते, ४० टक्क्यांपर्यंत कापलं तर थांबत नाही, म्हणून एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मामा आले, खाली बसले आणि एक कोपरा दोन्ही हातांनी ओढला. पाती तुटून हातात आली, तुकडा जागचा हलला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा मशीन फिरवली, नुसते शेंडे घेतले.