ट्रेलर जोडून हिवाळी प्रवास: सोलापूरच्या निवृत्तांसाठी कागदपत्रे, पात्रता आणि अर्जांचा क्रम

दिवाळी उरकली की गाडीला ट्रेलर जोडून निघायचे आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत सोलापुरात परतायचे, असा बेत असेल तर कागदांची तयारी गणपतीतच सुरू करा. अशा लांब प्रवासात एक नियम कायम लक्षात ठेवायचा. कागद निघायच्या दिवशी चालू असून भागत नाही, तो परतायच्या दिवशीही चालू असला पाहिजे. वहीच्या एका पानावर लायसन्स, आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला यांच्या मुदती लिहा आणि शेजारी परतीची तारीख टाका. परतीच्या आधी ज्याची मुदत संपते, तो कागद पहिल्यांदा हातात घ्या.

आधार आणि मोबाइल नंबर

पुढचे जवळपास प्रत्येक काम आधारच्या ओटीपीवर चालते. आधारला जुना, बंद पडलेला किंवा मुलाचा नंबर जोडलेला असेल तर सारथी (लायसन्सचे सरकारी संकेतस्थळ), डिजिलॉकर (सरकारी कागद मोबाइलवर दाखवणारे ॲप), जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचे ॲप) सगळीकडे अडते.  आधार केंद्रावर स्वतः जाऊन, बोटाचे ठसे देऊन नंबर बदलून घेता येतो. ऑक्टोबर 2025 पासून या कामाची फी 75 रुपये आहे. आधारवरचे नाव आणि लायसन्सवरचे नाव जुळते का, हेही त्याच दिवशी पाहून ठेवा. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो.

लायसन्सचे नूतनीकरण

खासगी गाडीच्या लायसन्सची मुदत वयावर ठरते. 50 ते 55 या वयात नूतनीकरण केले तर ते 60 व्या वर्षापर्यंत चालते, 55 नंतर दर वेळी पाच वर्षे मिळतात. म्हणजे निवृत्तीच्या आसपासच बहुतेकांची मुदत संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी अर्ज येतो. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवसांची सवलत होती, ती मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत गेली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना चालक ठरता. एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर पुन्हा गाडी चालवून परीक्षा द्यावी लागते.

अर्ज सारथी संकेतस्थळावर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरणाच्या सेवेवर खूण करा, आधारचा ओटीपी द्या, कागद अपलोड करा आणि फी भरा. केंद्रीय नियमातली नूतनीकरणाची फी 200 रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे 200 वेगळे. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, एसएमएसवर विसंबू नका. ज्यांचे लायसन्स जुन्या पुस्तकाच्या स्वरूपात आहे, त्यांचा नंबर सारथीवर सापडतच नाही. त्यांनी विजापूर रोडवरच्या आरटीओत मूळ पुस्तक नेऊन आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी. अर्ज त्यानंतरच भरता येतो, आणि या कामाला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

40 वर्षांवरील सगळ्यांना फॉर्म 1-अ, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. डॉक्टरांकडे जाताना नेहमीचा चष्मा न्या. दिवसाच्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हे त्यात पाहिले जाते. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर आधी ते करा, डोळा स्थिर झाल्यावर नवा नंबर काढा आणि मगच प्रमाणपत्र घ्या. ही तपासणी मनापासून करून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर ते टेंभुर्णीच्या पुढे हायवेवर कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेले बरे. अर्ज परत येण्याची नेहमीची कारणे म्हणजे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक अस्पष्ट असणे, फोटोवर सही-शिक्का नसणे आणि मोबाइलवर तिरका काढलेला फोटो.

नवे कार्ड टपालाने लायसन्सवरच्या पत्त्यावर येते. रेल्वे क्वार्टर सोडून जुळे सोलापुरात राहायला गेलेल्यांचे कार्ड जुन्या दारावरून परत जाते. म्हणून पत्ताबदल आणि नूतनीकरण दोन्ही सेवा एकाच अर्जात निवडा. निघेपर्यंत कार्ड आले नाही तरी अडत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये दिसणारे लायसन्स कायद्याने मूळ प्रतीइतकेच ग्राह्य आहे.

गाडीची आरसी

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म 25 वर, मुदतीच्या आधी 60 दिवसांच्या आत करायचा. इथे हिशेब नीट करा: मुदत डिसेंबरअखेर संपत असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज करता येतो आणि गाडी तपासणीला स्वतः न्यावी लागते. प्रवासात असताना हे काम होत नाही. चालू विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती सोबत लागते.

1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी. चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी असा दर आहे. ही प्लेट नसेल तर आरटीओतली बाकीची कामे अडतात.

एक गोष्ट अनेक घरांत राहून जाते. गाडी दिवंगत पतीच्या किंवा पत्नीच्या नावावरच असते आणि ती तशीच चालवली जाते. नियम असा की मृत्यूची माहिती 30 दिवसांत आरटीओला द्यायची आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 वर गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करायचा. मृत्युदाखला, वारसाचा पुरावा, इतर वारसांची संमती, मूळ आरसी आणि विमा हे कागद लागतात. आरसी बदलली की विमा पॉलिसीवरचे नावही बदलून घ्या. हे न करता परराज्यात अपघात झाला तर दाव्याचे काम वर्षानुवर्षे लोंबकळते.

ट्रेलर: सर्वांत जास्त चुका इथे होतात

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि स्वतःची आरसी लागते. ‘गाडीला जोडलेला आहे, मग वेगळी आरसी कशाला?’ हा युक्तिवाद रस्त्यावर टिकत नाही.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे एकच कागद आधी मागा: मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रकार-मान्यता प्रमाणपत्र, म्हणजे त्या मॉडेलची रचना तपासून मंजूर केल्याचा कागद. ते असेल तर बाकीचे कागद जुळतात: नोंदणीचा फॉर्म 20, विक्री प्रमाणपत्र फॉर्म 21, रस्तायोग्यतेचा फॉर्म 22, विमा, पत्त्याचा पुरावा आणि बिल. ते नसेल तर नोंदणी होत नाही, मग ट्रेलर कितीही मजबूत असो. आपल्या जिल्ह्यात ट्रॉल्या बनवणारे वर्कशॉप पुष्कळ आहेत, कामही पक्के करतात. पण शेतीच्या ट्रॉलीच्या साट्यावर खोली बांधून ती प्रवासाला काढणे कायद्यात बसत नाही. शेतीची ट्रॉली शेतीसाठी नोंदलेली असते, आणि आरसीत लिहिलेल्या रचनेत परस्पर बदल करायला कलम 52 आड येते. विमा कंपनी दावा नाकारताना नेमके हेच दाखवते. नोंदणीच्या वेळी वाहनाचा वर्ग खासगी वापराचा ट्रेलर किंवा कॅम्पर असा लागला आहे ना, हे आरसी हातात येताच वाचून घ्या. चुकून व्यावसायिक वर्ग लागला तर फिटनेस आणि परमिटचे लचांड मागे लागते.

एकूण वजन 750 किलोपर्यंत असलेला ट्रेलर टी-1 वर्गात येतो, त्यापुढे 3,500 किलोपर्यंत टी-2. निवृत्त जोडप्याने टी-1 मध्येच राहावे असे आमचे मत आहे. तरीही आधी गाडीची पुस्तिका उघडा. किती वजन ओढता येते, ब्रेक असलेला ट्रेलर किती आणि ब्रेक नसलेला किती, हे त्यात असते. ‘ट्रेलर ओढू नये’ असे लिहिले असेल तर त्या गाडीचा विचार सोडून द्या. वजन मोजताना पाणी विसरले जाते, आणि 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढतात. जड सामान ॲक्सलवर किंवा किंचित पुढे ठेवा. मागे ठेवले की हुकावरचा भार उचलला जातो आणि 70-80 च्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचे.

नंबर प्लेटचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. कलम 61 प्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला लावायचा आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसला पाहिजे. मागचे दिवे, ब्रेक लाइट आणि दोन्ही इंडिकेटर गाडीबरोबर लागतात का, हे रोज सकाळी दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहा. लाल परावर्तक पट्टी पूर्ण रुंदीभर लावा. ऊसतोडीचा हंगाम असतो, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर दुहेरी ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात दिव्यांविना चालतात. त्यामुळे जिल्ह्यातला टप्पा सूर्यास्ताआधी संपवायचाच. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसू नये.

विमा, पीयूसी, फास्टॅग

गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येत नाही. ट्रेलरचा नंबर आणि किंमत सांगून त्याची लेखी नोंद करून घ्या, तोंडी ‘चालेल’ला अर्थ नाही. पॉलिसी प्रवासात संपत असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करा. खंड 90 दिवसांपेक्षा जास्त पडला तर नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. बीएस-4 आणि बीएस-6 या प्रदूषण मानकांच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने, आणि ती देशभर ग्राह्य असते.

फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा होता. तो खासगी मोटार, जीप, व्हॅनला मिळतो आणि राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, म्हणजे पुणे रस्त्यावरच्या सावळेश्वर आणि वरवडे नाक्यांवर चालेल, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर नाही. नाक्यावरचे यंत्र ॲक्सल मोजते, त्यामुळे ट्रेलरसह वर्ग जुळत नाही असा वाद होऊ शकतो. दोन्ही आरसी हाताशी ठेवा. जास्त पैसे कापले तर 1033 वर किंवा टॅग दिलेल्या बँकेकडे तक्रार करा.

हयातीचा दाखला

पेन्शनवाल्यांचा प्रवास आणि दाखल्याचा महिना नेमके एकावर एक येतात. केंद्राचे आणि रेल्वेचे पेन्शनर 1 ते 30 नोव्हेंबरमध्ये दाखला देतात, 80 वर्षांवरील 1 ऑक्टोबरपासूनच देऊ शकतात. राज्य शासनाचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त बँकेत आलेल्या कोषागाराच्या यादीवर नोव्हेंबरात सही करतात. निघायची तारीख त्यानंतरची ठेवा, सर्वांत सोपे तेच. गिरणी आणि खासगी नोकरीतले ईपीएस (भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची पेन्शन योजना) पेन्शनर मात्र वर्षात कधीही दाखला देऊ शकतात आणि तो दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो. त्यांनी ऑक्टोबरात काम उरकावे.

वाटेतूनही दाखला देता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल भरायचा, चष्मा काढून उजेडाकडे तोंड करायचे आणि पापण्या मिटून उघडायच्या. प्रमाण आयडी एसएमएसने येतो. आयडी आला म्हणजे काम झाले असे समजू नका. पीपीओचा एखादा आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी बँक चुकीची निवडली तर बँक दाखला नाकारते आणि पेन्शन थांबते. आठवड्याने ॲपमध्ये स्थिती पाहा. ॲप जमत नसेल तर पोस्टमन 70 रुपयांत घरी येऊन करून देतो, आणि केंद्रीय पेन्शनरांना आपल्या बँकेच्या कुठल्याही शाखेत कागदी दाखला देता येतो.

राज्याबाहेर

दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवली तरच नवी नोंदणी लागते, हे मोटार वाहन कायद्याचे कलम 47 सांगते. कोणी अडवले तर प्रवेशाच्या दिवसाची टोल पावती दाखवा. दक्षिणेकडे विजयपुरामार्गे म्हैसूर-उटी जाणार असाल तर उटीसाठी ई-पास काढावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो मे 2024 पासून सुरू झाला. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. कच्छच्या पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, तो ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर ओळखपत्र आणि गाडीचा नंबर देऊन मिळतो.

स्वयंपाकासाठी घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर नेऊ नका. 5 किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो आणि वाटेत बदलूनही मिळतो. सत्तरी ओलांडलेल्यांनी मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे, योजनेतल्या परराज्यातल्या रुग्णालयातही ते चालते. रेल्वे पेन्शनरांनी उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचे वैद्यकीय ओळखपत्र, घ्यावे. ही कार्डे, दोन्ही आरसी, पॉलिसी आणि चालू औषधांची चिठ्ठी गाडीत ठेवा, ट्रेलरमध्ये नको. ट्रेलर मुक्कामी सोडून गावात गेलात की तिथले कागद उपयोगी पडत नाहीत.