टॅपेट कव्हर, पावडर आणि दोनशे अंशांची भट्टी

रंग उडालेलं, तेलाने काळवंडलेलं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरचं झाकण, घरीच पावडर कोटिंग करून (कोरड्या रंगाची पावडर फवारून, मग भट्टीत भाजून) नव्यासारखं करायचं ठरलं, की सगळी चर्चा पावडर फवारणाऱ्या गनभोवती फिरू लागते. कोणती घ्यायची, किती व्होल्टची, पावडर कुठल्या रंगाची. माझ्या मते या खटाटोपात गनचं काम सगळ्यात सोपं. थर टिकणार की पापुद्रे सुटणार, हे गन हातात घेण्याआधी आणि ती खाली ठेवल्यानंतर ठरतं.

आधी ही पावडर काय असते ते पाहू. रेझिन, हार्डनर, रंगद्रव्य आणि थर सारखा पसरावा म्हणून थोडी इतर रसायनं, हे सगळं गरम करून एकजीव करतात आणि थंड झाल्यावर दळतात. कण साधारण ३० ते ५० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे प्रत्येक कणात पूर्ण रंग आणि तो घट्ट करणारं रसायन दोन्ही असतात, फक्त थंड असेपर्यंत ती दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. थिनर नसतो, त्यामुळे वाळताना हवेत उडून जाण्यासारखंही जवळजवळ काही नसतं.

गनच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब असतो. कारखान्यातल्या गनमध्ये तो लाखाच्या घरात जातो. त्याने आसपासची हवा आयनित होते, कणांवर भार चढतो आणि अर्थिंग दिलेल्या धातूकडे ते ओढले जातात. काही कण तर वळसा घालून मागच्या बाजूलाही जाऊन बसतात. अडचण येते ती खाचांमध्ये. विद्युतक्षेत्र बाहेरच्या कडांवरच एकवटतं, खोल कोपऱ्यात पोहोचतच नाही, म्हणून इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) फासळ्यांवर पावडरचा ढीग आणि मधल्या घळीत उघडी धातू असं दिसतं. अशा वेळी व्होल्टेज वाढवणं हा उलटा उपाय आहे. ते कमी करायचं, हवेचा दाब उतरवायचा आणि खाचांपासून सुरुवात करायची. पावडर जाड झाली की साचलेला भारच नव्या कणांना ढकलू लागतो, आणि भाजल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. ६० ते ८० मायक्रॉनचा थर पुरतो.

भाग आधी तापवून घेतला, तर विजेशिवायही पावडर चिकटते. या तंत्राची सुरुवातच तशी झाली होती: १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापलेले भाग हवेने खेळत्या ठेवलेल्या पावडरमध्ये बुडवण्याची पद्धत काढली. विजेची फवारणी नंतर आली. हट्टी खाचांसाठी ती जुनी युक्ती आजही कामाला येते, फक्त थर नकळत जाड होतो.

आता भट्टी. पावडर आधी वितळते, पसरते, आणि मग रेझिनच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. एकदा जोडल्या की पुन्हा तापवून तो थर वितळत नाही. बऱ्याच पावडरींना यासाठी १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान आणि दहा ते वीस मिनिटं लागतात. पण डब्यावर छापलेलं हे तापमान धातूचं असतं, ओव्हनमधल्या हवेचं नव्हे. पातळ पत्रा लवकर तापतो, ओतीव ॲल्युमिनियमचा जाड भाग बराच वेळ घेतो, आणि वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून. इथे इन्फ्रारेड थर्मामीटरही दगा देतो. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फार कमी किरणं सोडतं, त्यामुळे उघड्या धातूवर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. न दिसणाऱ्या जागी चिकटवलेलं थर्मोकपल, म्हणजे धातूला टेकून तापमान मोजणारी तार, जास्त भरवशाचं.

ओतीव भागांचं आणखी एक दुखणं: त्यांच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, हवाही अडकलेली असते. वरून कितीही पुसलं तरी भट्टीत ते बाहेर येतं आणि थरात फोड उठतात. म्हणून तेल काढून, ब्लास्टिंग करून (दाबाने बारीक कणांचा मारा करून घासून), पावडर न लावता भाग एकदा भाजायचा, तोही नंतरच्या तापमानापेक्षा थोडा जास्त. बाहेर आलेलं तेल पुसून मग कोटिंग. धुण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र नको. त्याचा अंश राहिलेला भाग तापवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

काय रंगवायचं नाही, हेही पाहावं लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (जळालेले वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) तापमान साध्या पावडरला जाळून टाकतं. गॅस्केटच्या जागा, बोल्टचे आटे आणि तेलाच्या संपर्कातली आतली बाजू झाकून ठेवायची. आत सुटलेला पापुद्रा तेलाच्या वाटेत अडकू शकतो. सील आणि बेअरिंग आधी काढायची. इंजिनाची अर्थिंगची वायर जिथे बसते ती जागाही उघडी हवी, कारण हा थर विजेला अडवतो आणि मग स्टार्टर का फिरत नाही हे शोधण्यात वेळ जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) रंगवल्या तर इंजिन तापेल अशी भीती असते. प्लास्टिकसारखा हा थर ॲल्युमिनियमपेक्षा शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो हे खरं, पण तो इतका पातळ असतो की खरा अडथळा पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचाच राहतो. नेमका थर असेल तर फरक अगदी थोडा. चाकांचं तसं नाही: उष्णतेने कणखर केलेलं ॲल्युमिनियम पुन्हा दोनशे अंशांवर गेलं तर थोडं मऊ पडू शकतं, म्हणून चाकं आणि सस्पेन्शनचे भाग घरच्या भट्टीत नकोत.

ओव्हन विजेचा हवा, गॅसचा नाही; हवेत पुरेशी तरंगणारी पावडर ठिणगीने स्फोट करू शकते. आणि एकदा या कामाला लागलेला ओव्हन परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. फवारताना नाकावर रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा.

भाग निवल्यावर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस कोपऱ्यात घासून पाहावा. कापसाला भरपूर रंग लागला किंवा थर चिकट झाला, तर जोडणी अर्धवट राहिली आहे. असा भाग पुन्हा भट्टीत ठेवून, या वेळी धातूच्या तापमानावर डोळा ठेवून, बहुतेकदा पूर्ण करता येतो. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत जरा बेतानेच, जास्त वेळ राहिला की तो पिवळा पडतो.