स्टोरीलाइनमध्ये स्टेट की लेअर? कुठे काय वापरायचं

आर्टिक्युलेट स्टोरीलाइन हे ई-लर्निंग कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर शिकताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्टेट (वस्तूचं त्या क्षणीचं रूप) आणि लेअरचा (स्लाइडवर उघडणारा वेगळा थर), आणि तो साहजिक आहे कारण क्लिक केल्यावर स्क्रीनवर काहीतरी बदलायचं असेल तर ते दोन्हीने जमतं. पहिल्यांदा करताना काही अडत नाही, अडतं ते पुढे, कोर्समध्ये बदल आले की.

समजा गोव्यातल्या टुरिस्ट गाइडसाठी कोर्स करायचाय. स्लाइडवर गोव्याचा नकाशा, त्यावर पिना, तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर, मंगेशी, जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका, आग्वादचा किल्ला. माऊस नेला की पिनेचा रंग बदलायला हवा, क्लिक केलं की माहिती आणि आवाज, आणि बघून झालेल्या पिनेवर टिक दिसायला हवी.

रंग आणि टिक हे स्टेटचं काम. वस्तू तीच आहे, ती फक्त वेगळी दिसायची आहे. होव्हर, व्हिजिटेड, सिलेक्टेड, डिसेबल्ड या स्टेट स्टोरीलाइनमध्ये आधीच ठरलेल्या असतात, पिनेला व्हिजिटेड स्टेट घालून त्यात टिक काढली की संपलं, क्लिक झाल्यावर ती आपोआप लागते. त्यावर वेगळा ट्रिगर, म्हणजे "अमुक झालं की तमुक कर" अशी सूचना, लावायचाच नाही! बरेच जण लावतात, मग तो ट्रिगर आणि आपोआप होणारा बदल एकमेकांच्या आड येतात आणि अख्खी दुपार चूक शोधण्यात जाते.

माहिती मात्र लेअरवर. लेअरला स्वतःची टाइमलाइन, म्हणजे कधी काय दिसेल ते ठरवायची पट्टी, असते, स्टेटला नसते, सगळी गोम इथेच आहे. तांबडी सुर्लाबद्दल बोलताना आवाज "कदंब काळातलं" म्हणतो तेव्हा ती ओळ यायला हवी, "बेसॉल्टचा दगड" म्हणतो तेव्हा फोटो यायला हवा, हे टाइमलाइनशिवाय जुळवणार कसं? स्टेटमध्ये ऑडिओ घालता येतो, पण त्याच्या तालावर एकेक गोष्ट पुढे आणता येत नाही. शिवाय माहिती बंद करायचं बटण, त्याचे ट्रिगर, हे सगळं त्या लेअरपुरतं राहतं, मूळ स्लाइडवर गर्दी होत नाही.

वेळ खरा वाचतो तो इथे: एक लेअर नीट पूर्ण करा, बंद करायच्या बटणाचा ट्रिगर "हा लेअर लपवा" असाच ठेवा, कुठल्या लेअरचं नाव निवडू नका, मग डुप्लिकेट करा. प्रत्येक कॉपीत तो ट्रिगर स्वतःच्याच लेअरवर चालतो, फक्त मजकूर, फोटो आणि ऑडिओ बदलायचा. एक लेअर उघडला की दुसरा बंद करायला वेगळा ट्रिगर नको, लेअरच्या सेटिंगमध्ये बाकीचे लेअर लपवायची टिक आधीपासूनच असते. तिथेच खालच्या नकाशावर क्लिक होऊ न देण्याचीही सोय आहे, ती चालू करा, नाहीतर माहिती वाचता वाचता बोट मागच्या पिनेवर पडतं आणि चालू आवाज अर्ध्यात तुटतो.

सगळ्या पिना बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नसेल तर व्हेरिएबल (काय झालं याची नोंद ठेवणारी जागा) लागतच नाही. नेक्स्ट बटण डिसेबल्ड ठेवा आणि सगळ्या पिनांची स्टेट व्हिजिटेड झाली की ते नॉर्मल करा, एकच ट्रिगर.

बाकी, जागेचं नाव होव्हरमध्ये लपवू नका हां. गाइड कोर्स उघडणार मोबाइलवर, तिथे माऊस नसतो, त्यामुळे नाव नॉर्मल स्टेटमध्येच दिसू दे. आणि लेअरला नावं द्या, मंगेशी, आग्वाद अशी, अनटायटल्ड लेअर नाही, कारण उद्या मंदिराची वेळ बदलायला ती फाइल दुसरंच कोणीतरी उघडेल.